किराणा यादी कोण करतं?

आम्हाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं ते नातवाच्या मानेमुळे. वजनाची आमच्या घरात कुणाला काळजीच नव्हती. पाहुणे "खात्यापित्या घरचा दिसतो" म्हणायचे आणि ते गेले की मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. पण मानेच्या मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा उठला होता. सूनबाई दर रविवारी डाळीचं पीठ आणि साय लावून चोळायची. पोर ओरडायचं, मान लाल व्हायची आणि दोन दिवसांनी पुन्हा होती तशी. जून २०२४ मध्ये ताप आला म्हणून नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी घसा बघता बघता त्याची मान वळवली, काखेतही पाहिलं आणि म्हणाले, "आजी, हा मळ नाही. घासू नका."

त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि त्या जादा इन्सुलिनने मानेची, काखेची कातडी जाड नि काळी होते. मला स्वतःला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. नऊ वर्षांच्या पोराच्या तपासणीत इन्सुलिनचं नाव निघालं, तेव्हा मला तिथल्या बाकावर बसावंच लागलं.

पुढचं सगळं पुण्यातल्याच एका रुग्णालयात, लहान मुलांच्या ग्रंथींच्या विकारांच्या डॉक्टर मॅडमकडे झालं. सिस्टरने त्याला चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून उभं केलं आणि उंची लिहिली १३४ सेंटिमीटर. वजन ४३ किलो. मग टेपने कंबर मोजली, ७६ सेंटिमीटर. माझी नोकरी बँकेत कॅशियरची झाली, त्यामुळे आकडा दिसला की डोकं आपोआप चालतं. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, काढला, जवळजवळ २४ आला. "मग बरंच आहे की, पंचवीसपर्यंत चालतं ना?" मी म्हटलं. मॅडमनी उत्तर न देता टेबलावर तक्ता पसरला.

मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या आकड्याशी ताडून बघायचा नसतो, वयानुसार तो बदलत जातो. आपल्याकडे पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. ते करण्यात पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकरांचा पुढाकार होता. त्यावर '२३' ची एक रेघ असते आणि '२७' ची एक. मूल आज ज्या रेघेवर आहे ती धरून वाढत गेलं, तर मोठेपणी त्याचा बीएमआय तेवढा होईल, असा त्याचा अर्थ. खालच्या रेघेच्या वर गेलं की वजन जास्त, वरचीही ओलांडली की लठ्ठपणा. गोऱ्या लोकांसाठी ठरवलेले २५ आणि ३० हे आकडे आपल्याला लागू करत नाहीत, कारण आपल्या माणसांना मधुमेह कमी वजनालाच गाठतो. नातवाचा ठिपका वरच्या रेघेच्याही चांगलाच वर पडला. कंबरेचा हिशेब तर मला लगेच समजला: उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे. १३४ चे निम्मे ६७, आणि आमचे ७६.

"थायरॉइड असेल," मुलगा म्हणाला. मॅडम हे वाक्य रोज ऐकत असाव्यात. त्यांनी उंचीचा तक्ता दाखवला. ग्रंथींच्या दोषाने वजन वाढलेल्या मुलांची उंची बहुतेकदा खुंटते, आणि आमचा तर वर्गात मागच्या बाकावर बसणारा. जास्त खाण्याने वाढलेली मुलं या वयात उंचीलाही पुढेच असतात. तरी तपासणी केली. थायरॉइड उत्तम निघालं. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ५.८ निघाली, मधुमेहाच्या अलीकडच्या पायरीवर. यकृताचा एक आकडा थोडा वर आणि सोनोग्राफीत यकृतात चरबीची सुरुवात. थायरॉइड निघालं नाही म्हणून माझा मुलगा जरा हिरमुसला, असं मला आजही वाटतं. गोळी देऊन सुटण्यासारखी गोष्ट असती तर त्याला हवी होती. कुणाला नको असते?

मग मॅडमनी जन्माचं वजन विचारलं. दोन किलो दोनशे. त्यांनी मान हलवली आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल सांगितलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं दिसायला काटकुळी, पण स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त. अशा लहानखुऱ्या बाळाचं वजन पुढे भराभर वाढवलं तर मधुमेहाचा धोका वाढतो. आणि आमच्याकडे तर तो घरी आल्यापासून एकच ध्यास होता, अंगावर बाळसं कधी चढतंय. नाचणीचं सत्त्व, खारीक-बदामाची पूड, वरणभातावर तुपाची धार. माझ्या मुलाला लहानपणी गणेश मंडळाच्या गुटगुटीत बालक स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, प्लास्टिकची बादली. ती बादली आमच्याकडे पुष्कळ वर्षं वापरात होती.

हे सगळं झाल्यावर मॅडमनी वहीतून डोकं वर काढून विचारलं, "घरात किराणा यादी कोण करतं?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. यादी मी करते, सामान आमचे हे आणतात. सूनबाई सकाळचे डबे करते, संध्याकाळचा स्वयंपाक माझा. रात्री मोबाईलवरून काही मागवायचं तर मुलगा मागवतो. "मग पुढच्या वेळी सगळे या. याला शाळा बुडवून आणायची गरज नाही," मॅडम म्हणाल्या. "नऊ वर्षांचा मुलगा दुकानात जात नाही, तेल तापवत नाही, जेवायची वेळ ठरवत नाही. त्याला मी काय सांगू?"

मला हे तेव्हा जरा लागलं. पण नंतर वर्षभर जे काही केलं, ते या एका प्रश्नाचं उत्तर देण्यातच गेलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही चौघं गेलो. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने आठवडाभराची नोंद आणायला सांगितली होती, ती मी खतावणीसारखी आखून नेली. त्यात जेवणं ठीक होती. भाजी, पोळी, आमटी, भात. खरी भरती चारच्या पुढे. शाळेतून आला की दूध, त्यात चॉकलेटची पावडर आणि वर साखर. त्याच्याबरोबर बिस्किटं. पाच वाजता यांच्याबरोबर फेरी, म्हणजे बेकरी: खारी, क्रीमरोल, नानकटाई. क्लासला जाताना फळाच्या रसाचा छोटा डबा. रात्री जेवण साडेनऊ-दहाला, कारण मुलगा हिंजवडीहून तेव्हा पोचतो आणि 'सगळ्यांनी एकत्र जेवायचं' ही आमच्या घरची रीत. तोवर भूक लागते म्हणून सातला मॅगी किंवा वेफर्स, टीव्हीसमोर.

त्या मुलीने साखरेचा हिशेब मलाच करायला लावला. आम्ही महिन्याला सहा किलो साखर आणत होतो आणि माणसं सहा. माणशी एक किलो, म्हणजे रोज तेहतीस ग्रॅम. त्यातून मी बिनसाखरेचा चहा पिते, मला वगळलं की बाकीच्यांच्या वाट्याला चाळीस. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रांत दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहा असं म्हटलंय, आणि आमच्या चाळीसमध्ये बिस्किटं, पावडर, रसाचा डबा यांतली साखर धरलेलीच नव्हती. दोनशे मिलिलिटरच्या त्या एका डब्यातच चोवीस-पंचवीस ग्रॅम असते. डब्यावर आंब्याचं चित्र असतं आणि मागे बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. भिंग घेऊन वाचलं तर कळतं, लपवलेलं काही नाही. दुधात घालायच्या पावडरीबद्दल तर केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानेच एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं होतं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका. आमच्या फडताळात तेव्हा तिचे दोन डबे होते, एकावर एक मोफत.

तेलाचंही तसंच. माणशी महिन्याला अर्धा लिटर, असं तिने सांगितलं. आमचं दुप्पट निघालं.

पहिला बदल यादीत झाला. साखर तीन किलो, तेल साडेतीन लिटर. बिस्किटं, वेफर्स, रसाचे डबे यादीतून गेले. घरात कपाटात ठेवून "रविवारीच मिळेल" म्हणायचं नाही, घरात आणायचंच नाही, असं ठरलं. दिसलं की मूल मागणार, मागितलं की कुणीतरी एक विरघळणार, आणि आमच्या घरात विरघळणारे तीन होते. चारच्या खाण्याला जेवणाइतकंच महत्त्व दिलं. मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, थालीपीठ, पोळीचा लाडू नव्हे तर पोळी-भाजीची गुंडाळी. पोट भरलं की सातची भूक आपोआप मावळते. हे काही नवीन ज्ञान नाही, माझी आई शाळेतून आल्यावर भाकरी आणि सकाळची उसळच द्यायची. आमच्याकडे मधल्या काळात पाकीट फोडणं सोपं झालं होतं, एवढंच.

सूनबाई आणि माझ्यात खटका उडाला तो वाढण्यावरून. मॅडमचं म्हणणं असं: काय वाढायचं, कधी आणि कुठे जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं हे मुलाने. भूक नसेल तर पानातलं उरू द्या. मला हे पटेना. एक तर पानात टाकायचं नाही हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं. दुसरं म्हणजे, ज्याला खाणं आवरत नाही त्याच्यावरच 'किती' सोडायचं? पण मॅडम म्हणाल्या, त्याला आवरत नाही कारण "एवढा घास संपव" असं म्हणून म्हणून पोट भरल्याची त्याची जाणीवच आपण बोथट केलीय. शेवटी सूनबाईने मधला मार्ग काढला. पहिल्यांदा पान निम्मं वाढायचं, मग मागेल तेवढं. टीव्ही बंद. पहिले काही आठवडे तो दरवेळी मागून घ्यायचा, माझ्याकडे बघत बघत, मी काही बोलते का ते तपासत. मी आमटीत डोकं घालून जेवत होते. हळूहळू मागणं कमी झालं. 'किती' हे त्याच्यावर सोडल्यावरच ते झालं, हे मला मान्य करावं लागतं, आणि तरी पानात टाकलेला भात बघून माझा जीव अजून तुटतो.

त्याची धाकटी बहीण पाच वर्षांची, सडसडीत. तिच्यासाठी तरी बिस्किटं ठेवूया, असं मी एकदा म्हटलं. मॅडमनी साफ नाही म्हटलं. एकाच घरात एकाला पथ्य आणि एकीला खाऊ असं सुरू झालं की मोठा चोरून खायला शिकतो आणि धाकटी त्याला चिडवायला. शिवाय जादा साखर सडसडीत मुलांनाही तेवढीच वाईट. महाराष्ट्रात हे दोन्ही टोकांचं चित्र एकत्रच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं उंचीला खुरटलेली निघाली, आणि त्याच वयोगटात जास्त वजनाची मुलं आधीच्या सर्वेक्षणातल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेली.

जेवणाची वेळ बदलणं मला सगळ्यात अवघड जाईल असं वाटलं होतं, पण ते एका संध्याकाळी झालं. मुलं आणि आम्ही दोघं आठला जेवायला लागलो. मुलगा आला की सूनबाई त्याच्याबरोबर जेवते. 'एकत्र' आता रविवारी. त्यामुळे झोप साडेनवाला आली. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि त्याला आधी जेमतेम आठ मिळत होती. सकाळची चिडचिड गेली, हा फायदा आम्हाला कुणी आधी सांगितला नव्हता.

खेळाचं मात्र घोडं अडलं. रोज तासभर घाम येईल असं हुंदडायला हवं. आमच्या सोसायटीत खेळायची जागा आहे, पण ती आता दुचाक्यांची आहे. वॉचमन चेंडू जप्त करतो. शाळेत पीटीच्या तासाला गणित. एका क्रिकेट कोचिंगला घातलं, तिथे तीस मुलांत त्याच्या वाट्याला उभं राहणंच जास्त आलं, आणि धावताना मागे पडला की बाकीचे हसायचे. तो जाईना. मग यांनी मनावर घेतलं. बेकरीची फेरी बंद झाल्याने त्यांनाही संध्याकाळी काही सुचत नव्हतंच. ते त्याला तळजाईच्या टेकडीवर घेऊन जायला लागले. सुरुवातीला चढावर दोघंही थांबत थांबत. पुढे सोसायटीतली आणखी तीन-चार मुलं बरोबर जायला लागली आणि वर लगोरी सुरू झाली. आजोबा पंच. त्यांचं वजन पाच किलोंनी उतरलं, हे इथे सांगितलेलं त्यांना आवडेल. सोसायटीच्या सभेत मी दुचाक्यांचा विषय काढला, त्यावर अजून 'विचार चालू' आहे.

नातेवाइकांशी बोलणं हे माझं काम होतं, वयामुळे. एका लग्नात एका काकांनी त्याच्या पोटावर थाप मारून "काय रे लाडोबा, किती महिने?" असं विचारलं. सगळे हसले, तोही हसला आणि त्यानंतर जेवायला बसलाच नाही. मी त्या काकांना बाजूला घेऊन सांगितलं की या मुलाच्या अंगावर पुन्हा बोललात तर मला खपणार नाही. त्यांना राग आला. येऊ दे. मॅडमनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरात त्याच्यासमोर 'वजन', 'जाड', 'डाएट' हे काढायचं नाही. चिडवल्याने मूल बारीक होत नाही, लपून खायला लागतं. त्याला आम्ही एवढंच सांगितलं की मान बरी व्हायची असेल तर घरातल्या सगळ्यांचं खाणं बदलायचंय.

शाळेची गोष्ट अर्धवट आहे. २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. महाराष्ट्र सरकारने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड काढायचा निर्णय काढला होता. नातवाच्या शाळेच्या उपाहारगृहात वेफर्स टांगलेले असतात आणि फाटकाला लागून चायनीज भेळेची गाडी. सूनबाई आणि मी मुख्याध्यापिकांना भेटलो. त्या म्हणाल्या, गाडी रस्त्यावर आहे, आमच्या हातात नाही. गाडीचं एकवेळ सोडा, वेफर्सचं काय, या प्रश्नाला चहा आला. मे २०२५ मध्ये सीबीएसईने त्यांच्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कुठल्या पेयात किती साखर ते दाखवणारे. आमची शाळा राज्य मंडळाची, तिला सीबीएसईचं ते बंधन नव्हतं. पण वर्गशिक्षिकेने मनावर घेऊन मुलांकडूनच तसा एक फलक करून घेतला आणि वाढदिवसाला वर्गात चॉकलेटऐवजी पेन्सिल वाटायची पद्धत पाडली. काही पालक कुरकुरले. शिक्षिका बधल्या नाहीत. वेफर्स तिथेच आहेत.

दिवाळीचं मी आधीच विचारून घेतलं होतं, कारण फराळ करायचा नाही असं कुणी सांगितलं असतं तर मी पुढे त्या दवाखान्याची पायरी चढले नसते. मॅडम म्हणाल्या, करा, सगळं करा, निम्मं करा आणि चार दिवसांत संपवा. आमच्याकडे डबे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरायचे. त्या वर्षी भाऊबीजेला चिवडा संपला. चकल्या माझ्या हातच्या होत्या आणि नातवाने त्या मजेत खाल्ल्या, माझ्यासमोर बसून.

वजन कमी करायचं नाही, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटतं. वाढत्या मुलाचं वजन थोपवायचं आणि उंची वाढू द्यायची. जून २०२५ मध्ये उंची १४० भरली, वजन साडेचव्वेचाळीस. बीएमआय २४ वरून पावणेतेवीसच्या आसपास. वरच्या रेघेच्या अजून वरच आहे. कंबर ७३, हवी ७० च्या आत. एचबीएवनसी ५.५. यकृताचा आकडा जागेवर आला. मान बरीच उजळली, पण पूर्ण नाही, आणि मॅडमच्या मते तिला वेळ लागेल.

त्या खेपेला धाकटीही बरोबर होती, शाळेला सुट्टी म्हणून. मॅडमनी तिलाही भिंतीला उभं केलं. तिचा ठिपका दोन्ही रेघांच्या खाली पडला. तिची वेगळी फाईल करायची का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, गरज नाही, भावाच्या फाईललाच तक्ता लावा आणि दर सहा महिन्यांनी घरीच ठिपका द्या. ते काम मी माझ्याकडे घेतलंय. पुढची तारीख डिसेंबरची आहे.